एकपण ओल नाही

मी एक जुना कालथा आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या काहींच्या घरी मला उलथणं म्हणत असतील, आणि तुम्ही दिल्लीकडे वाढला असाल तर पलटा म्हणत असाल. म्हणा काय हवं ते. फक्त मला हातात घेण्याआधी एक ऐकून ठेवा, की शेवटची भाकरी उलटून मला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत माझ्या पात्याखालून कबुतरांची घाण गेली, गुटख्याच्या पिचकाऱ्या गेल्या, एसीच्या पाण्याने माजलेलं बुळबुळीत शेवाळ गेलं, आणि काळी बुरशी तर किती गेली त्याला मोजमाप नाही. शी! नुसतं आठवलं तरी मला स्वतःला घासून काढावंसं वाटतं. तेव्हा जेवण उरकून घ्या आणि मगच पुढे वाचा.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातल्या एका लोहाराच्या भात्यापाशी झाला. ट्रकच्या स्प्रिंगचा एक मोडका पाटा पडला होता, त्यातून त्याने मला ठोकून काढलं. म्हणून मी इतर कालथ्यांसारखा लेचापेचा नाही. शेवंताबाईंच्या लग्नात रुखवताच्या टेबलावर मला मांडलं होतं, बत्ताशांच्या शेजारी. लोक येऊन मला उचलून बघायचे आणि म्हणायचे, जन्मभर पुरेल. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा! जन्मभर म्हणजे तव्यापाशी, अशी आपली माझी समजूत.

शेवंताबाईंचे यजमान मारुतराव फौजेत होते. त्यांची बदली दिल्ली छावणीत झाली, क्वार्टर मिळालं, आणि मीही ट्रंकेतून दिल्लीला आलो. ती वर्षं माझ्या सुखाची. सकाळी ज्वारीची भाकरी, रविवारी थालीपीठ. शेजारच्या पंजाबी बायका थालीपीठ खायला यायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, ये पलटा कहाँ से लिया? शेवंताबाई ताठ मानेने सांगायच्या, गाँव से.

मग एका पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीचे पोपडे निघायला लागले. आमटीच्या पातेल्यात चुना पडला. मारुतराव जेवता जेवता उठले, हाताला पहिलं जे लागलं ते उचललं, आणि पोपडे खरवडायला लागले. हाताला लागलो होतो मी. अर्ध्या तासात भिंत विटेपर्यंत साफ झाली, इतकी की मारुतरावांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि खूश होऊन मान डोलावली. शेवंताबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, ते आता माझ्या तव्याला लागायचं नाही. झालं! एवढ्यावर माझा स्वयंपाकघराशी संबंध संपला. मला बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. पहिले काही महिने भाकरीचा वास आला की मी डब्यात नुसता चडफडायचो.

निवृत्त झाल्यावर मारुतराव गावी परतले नाहीत. दिल्लीतच पालमजवळ दोन खोल्या घेतल्या, एका जुन्या रंगाऱ्याच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि मग स्वतःची कामं घ्यायला लागले. घरांच्या बाहेरच्या भिंती हे त्यांचं खास काम. सोबतीला मानस नावाचा बंगालमधल्या कूचबिहारकडचा माणूस, मिशा पिकलेला, कमी बोलणारा. दोघं दोराच्या झुल्यावर बसून सहा-सहा मजले उतरत यायचे आणि मी मारुतरावांच्या कमरेच्या पिशवीत.

तुम्ही म्हणाल, दिल्लीत पाऊस तो केवढा? हेच सगळे म्हणतात आणि इथेच फसतात. अडीच महिने दमट घामट हवा, वर भरून वाहणाऱ्या टाक्या, भिंतीवर टिपटिपणारे एसी, फुटके पाइप. भिंत वर्षभर कुठून ना कुठून पाणी पीत असते. आणि माणसं काय करतात? वरून रंग मारतात! मित्रांनो, मी रंगाखाली काय काय पाहिलं आहे ते सांगू? जाळ्यासकट कोळी. पालीची अंडी. एकदा कबुतराचं अख्खं पीस, छान बदामी रंगाचे दोन हात मारलेलं. रंगाऱ्याने ते उपटायचे कष्टही घेतले नव्हते, ब्रश सरळ त्याच्यावरून फिरवला होता. आणि त्या रंगाचं नाव काय, तर म्हणे ‘मलईदार पहाट’. थू असल्या पहाटेवर!

मारुतराव तसले नव्हते. खरवडायचं, धुवायचं, वाळवायचं, मग रंग. हा क्रम त्यांनी कुणासाठी मोडला नाही. भिंत वाळली की नाही हे ते डोळ्यांनी ठरवत नसत, कारण उन्हात वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असते. वीतभर प्लास्टिकचा चौकोन ते भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवायचे आणि दिवसभर तसाच ठेवायचे. आतल्या बाजूला घामासारखे थेंब जमले तर रंगाचा डबा उघडायचा नाही. गिऱ्हाइकं वैतागायची. एक-दोघांनी काम काढूनही घेतलं. मारुतराव सामान आवरून सरळ चालू पडले होते. मला मनापासून वाटायचं, किळस यायची ती आपल्या दोघांनाच येते बाबा.

मागच्या एप्रिलमध्ये नोएडातल्या एका सोसायटीतून केतकीताईंचा फोन आला. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी त्यांना मारुतरावांचा नंबर दिला होता. सातव्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट. नवरा सुधन्वा केंद्र सरकारच्या नोकरीत, मुलगी अपूर्वा, वय वर्षं दहा. अपूर्वाच्या खोलीची बाहेरची भिंत तीन वर्षं ओली होती. सोसायटीचा ठेकेदार दर दिवाळीला बाहेरून रंग मारून जायचा आणि होळीपर्यंत भिंत पुन्हा फुगायची. बुरशीने पोरीला दम्याचा त्रास जडला होता. पहाटे तिची छाती शिट्टीसारखी वाजायची, मग पंप ओढायचा, मग शाळा बुडायची.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. येत्या पावसाळ्याआधी खोली कोरडी झाली नाही, तर मुलीला या घरात ठेवू नका. म्हणून नागपूरला मामाकडे चौकशी झाली होती, तिथल्या शाळेतही विचारून ठेवलं होतं. जूनअखेर निर्णय. अपूर्वाला नागपूरचं नाव काढलं तरी रडू फुटायचं. तिचं घर, तिच्या मैत्रिणी, तिचं सगळं इथे होतं, आणि ते सगळं एका कुजक्या भिंतीवर येऊन ठेपलं होतं. मारुतरावांनी तिला शब्द दिला, की पावसाआधी तुझी भिंत ठणठणीत करतो.

दुसऱ्या दिवशी झुला लागला. मी पहिला घाव घातला आणि रंगाचा हाताएवढा पापुद्रा सुटून आला. त्याखाली दुसरा रंग, त्याखाली तिसरा, आणि त्याखाली जे होतं ते मी सांगणार नाही, कारण काहींनी अजून जेवण केलं नसेल. एवढंच सांगतो, की मानसने नाकाला गमछा बांधला. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा पाइप जोडाशी फुटला होता आणि त्याचं साबणाचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरत होतं. ठेकेदाराच्या माणसांनी त्या फुटक्या पाइपलाही रंग दिला होता. फटीवरून! फट दिसत होती, पाणी गळत होतं, आणि त्यावर त्यांनी मलईदार पहाट फासली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका पोरीचा श्वास कोंडत होता आणि ह्यांना भिंत चकचकीत दिसण्याशी मतलब.

पाइप बदलला. बाहेरून आणि खोलीतूनही भिंत विटेपर्यंत खरवडली, धुतली, भेगा भरल्या. मग वाळायला सोडली आणि खोलीच्या आत, खिडकीजवळ, प्लास्टिकचा चौकोन चिकटवला. दहा दिवस रोज येऊन मारुतराव बघायचे आणि रोज आत थेंब असायचे.

अकराव्या दिवशी आम्ही मानेसरला होतो, दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, एका कारखान्याच्या कँटीनची भिंत करत. नोएडाला जाणं जमणार नव्हतं. केतकीताई ऑफिसात, सुधन्वा दौऱ्यावर. घरात अपूर्वा आणि कामवाल्या बाई. मारुतरावांचे दोन्ही हात चुन्याने भरले होते, म्हणून मानसने फोन स्पीकरवर धरला. मी पिशवीतून सगळं ऐकत होतो.

मारुतराव म्हणाले, “बाळ, त्या प्लास्टिकच्या आत नीट बघ. ओल आहे का?”

पलीकडे थोडा वेळ गेला. मग अपूर्वाचा आवाज आला. “नाही काका. एकपण ओल नाही.”

“नक्की?”

“पक्का काका. बिल्कुल नाही.”

मारुतराव हसले. मानसला म्हणाले, एकपण ओल म्हणे, दिल्लीच्या पोरांची मराठी ही अशी. आणि हसण्यावारी नेऊन कामाला लागले. मित्रांनो, तिथे आम्हाला थांबायला हवं होतं. ओल कधी एक, दोन, तीन अशी असते का? ते चुकलंय हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण कौतुकात माणूस नीट ऐकत नाही, आणि मी तर लोखंडाचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोएडाला पोचलो तेव्हा अपूर्वाने चौकोन काढून, टेपसुद्धा खरडून, भिंत स्वच्छ पुसून ठेवली होती. गुणी पोर. मारुतरावांनी भिंतीवर हात फिरवला. मे महिन्याचं ऊन, भिंत वरून तापलेली, कोरडीठाक. मानस म्हणाला, एक दिन और देख लें? मारुतराव म्हणाले, बच्ची ने देखा है. आणि प्रायमरचा डबा उघडला. दोन दिवसांत बाहेरून पाणी न शिरणारा जाड थर, आतून पोरीच्या आवडीचा फिका निळा. सगळे खूश होते. केतकीताई तर खालच्या बायकांना बोलावून भिंत दाखवत होत्या. त्या गडबडीत मारुतराव मला अपूर्वाच्या खिडकीत विसरले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

अपूर्वाने मला उचललं, बेसिनखाली धुतलं आणि टेबलावर पेनांच्या डब्यात उभं केलं. म्हणाली, काका आले की देईन. पण तिला माझी कड सरळ वाटली, म्हणून ती मला वहीवर ठेवून माझ्या कडेने पेन्सिल ओढायला लागली. सुट्टीचा अभ्यास होता, रोज एक पान शुद्धलेखन. आखताना ती मोजायची, एक ओल, दोन ओल, तीन ओल. ऐकून माझं पातं गार पडलं. पण मी ओरडणार कसा?

कळलं ना तुम्हाला? या घरात भिंतीच्या ओलीला सगळे ‘सीलन’ म्हणायचे. ओल हा शब्द पोरीने कधी ऐकलाच नव्हता. तिला ठाऊक होती ती वहीतली ओळ, आणि तिच्या जिभेला ळ वळत नव्हता. पोळीला पोली, केळ्याला केला. मारुतरावांनी ओल विचारली, तिने ओळ शोधली. प्लास्टिकखाली थेंबच थेंब होते, पण रेघ एकही नव्हती. म्हणून तिने खरं ते सांगितलं.

दोन आठवड्यांनी, पलंगाच्या उशाशी, निळ्या रंगावर रुपयाएवढा फुगा आला. मी सगळ्यांत आधी पाहिला. मग अपूर्वाने पाहिला. तिने बोट लावलं, बोट आत गेलं. तिचा चेहरा पडला. दोन दिवसांत फुगा बशीएवढा झाला. आणि तिने काय केलं असेल? आईला हाक मारली? छे. तिने स्वतः काढलेलं मोराचं मोठं चित्र आणून त्या फुग्यावर चिकटवलं.

मला तिची कीव आली पाहिजे होती, पण खोटं कशाला बोलू, मला तिचा रागच आला. अगं, तूसुद्धा? ठेकेदाराने मलईदार पहाट फासली, तू मोर चिकटवलास, फरक काय दोघांत? नंतर पहाटे तिची छाती पुन्हा वाजायला लागली. ती उशीत तोंड खुपसून पंप ओढायची, आईला आवाज जाऊ नये म्हणून. तेव्हा माझा राग जरा उतरला. ठेकेदाराला काही गमवायचं नव्हतं. हिला नागपूरची भीती होती. पण भिंतीला त्याचं काय? भिंत मोराच्या पाठीमागे निवांत कुजत होती.

आणि सगळ्यांत जास्त शिसारी मला कुणाची आली असेल, तर आमची स्वतःचीच. लोकांच्या रंगाला नावं ठेवत इतकी वर्षं हिंडलो आणि शेवटी आमच्या हातचा रंग त्यांच्यासारखाच ओलीवर बसला. फुगलेला तो थर मारुतरावांचा होता. मी त्यांच्या पिशवीत होतो. हात झटकायला मला जागाच नव्हती.

शनिवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. गुरुवारी दुपारी अपूर्वा आखायला बसली आणि मोर आपोआप सुटून तिच्या वहीवर पडला. पालथा. त्याची पाठ काळीकुट्ट झाली होती, लवलवती बुरशी, आणि तिचा तो वास. अपूर्वा खुर्चीवरून मागे सरली आणि म्हणाली, “शी!”

तो माझा शब्द, मित्रांनो. मनापासून आला की तो फार कामाचा असतो. ती रडली नाही. मग तिने मला मुठीत धरलं, भिंतीशी गेली आणि माझं पातं फुग्यात घातलं. चांगलं वाटीभर पाणी तिच्या मनगटावरून खाली गळलं. तिने ओल्या हातानेच फोन लावला.

“काका, तुमचा पलटा माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. “आणि दीवार गीली आहे. फुगलीय. मी चित्र लावून लपवली होती.”

मारुतरावांचा आवाज हळू झाला. “पण बाळ, तू तर ओल नाही म्हणालीस.”

“ओल नव्हतीच ना काका. सगळीकडे थेंब होते. लाईन कुठे होती?”

ओल, ओळ, असं मारुतराव स्वतःशीच पुटपुटले आणि म्हणाले, मी येतो.

संध्याकाळी मारुतराव आले तेव्हा केतकीताई आणि सुधन्वा दोघं भिंतीसमोर उभे होते. सुधन्वा फार सभ्य माणूस, पण त्या दिवशी त्याचा तोल गेला. तो म्हणाला, ठेकेदार निदान स्वतःला प्रामाणिक म्हणवत नव्हता. केतकीताईंनी मामाला फोन करायचं ठरवूनच टाकलं होतं. आणि अपूर्वा कोपऱ्यात उभी राहून म्हणत होती, माझी चूक आहे, मीच चुकीचं सांगितलं.

मारुतराव तिच्यासमोर खाली बसले. “तुझी नाही. तू बघितलंस तेच सांगितलंस. भिंत मी बघायची होती, ती मी फोनवर बघितली.” मग उठून ते सुधन्वाला म्हणाले, की मला पावसापर्यंत मुदत द्या, मी हे सगळं माझ्या हाताने उतरवतो. जमलं नाही तर नागपूरच्या गाडीत मीच तिची बॅग चढवायला येतो.

सुधन्वाने विचारलं, तोवर मुलगी कुठे झोपणार? खोली उघडी पडणार, सगळीकडे धूळ. मारुतरावांनी घरी फोन लावला. पलीकडून शेवंताबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, नागपूरला कशाला, माझ्याकडे पाठवा, माझ्या घराला ओल नाही. शनिवारी डॉक्टरांनीही मान डोलावली, म्हणाले कोरड्या घरात राहू दे, जूनअखेर पुन्हा तपासू.

दुसऱ्या दिवसापासून मारुतराव स्वतःचा रंग खरवडायला बसले. मानसला हात लावू दिला नाही. बाहेरचा जाड थर सहज सुटत नव्हता, कारण आम्ही कामच पक्कं केलं होतं. चुकीच्या वेळी केलेलं पक्कं काम उतरवण्याइतकं जिवावर येणारं काम दुसरं नाही. खालून जाणारे लोक माना वर करून बघायचे. सोसायटीचा ठेकेदार तर मुद्दाम दोन माणसांना घेऊन आला आणि हसला. मारुतरावांनी ऐकून घेतलं. माझी धार दोनदा बोथट झाली, दोनदा त्यांनी मला दगडावर घासलं.

मग वाट बघणं आलं. जूनची लू, उत्तरेतली ती भाजून काढणारी गरम हवा, अंगावर घेत भिंत उघडी उभी होती. चौकोन या वेळी एक नव्हता, पाच होते. मारुतराव रोज पालमहून नोएडाला यायचे, पाचही बघायचे, परत जायचे. संध्याकाळी पिशवी खुंटीला लागली, की शेवंताबाईंच्या स्वयंपाकघरातला आवाज मला ऐकू यायचा. त्या भाकरी थापता थापता अपूर्वाला शिकवत असायच्या. जीभ वर टाळ्याकडे ने, आणि म्हण, पोळी. पोली. पोळी गं. ओलं फडकं हातात देऊन त्या म्हणायच्या, ही ओल. वहीवर बोट ठेवून म्हणायच्या, ही ओळ. फडकं दोरीवर टाकलं की विचारायच्या, वाळलं का? पोरगी आधी चिडायची, मग हसायची. पहाटे तिची छाती वाजत नव्हती, ते मात्र मी कान देऊन ऐकायचो.

एकदा तिने मला पिशवीतून काढलं आणि शेवंताबाईंना म्हणाली, आजी, याने थालीपीठ उलटू या ना, हा पण पलटाच आहे. शेवंताबाईंनी मला हातात घेतलं. इतक्या वर्षांनी तो हात! त्यांनी मला उलटसुलट पाहिलं, माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, माझ्या आईने दिलेला कालथा आहे हा. पण आता नको बाळ, तो फार घाण बघून आलाय, आणि अजून बघायची आहे. त्यांनी मला परत पिशवीत ठेवलं. बरोबर केलं. मला वाईट वाटलं आणि पटलंही.

जूनच्या वीस तारखेच्या सुमारास पाचही चौकोन कोरडे निघाले. मारुतराव थांबले. आणखी तीन दिवस, पुन्हा पाच चौकोन. तेही कोरडे. मग त्यांनी अपूर्वाला नोएडाला आणलं, चौकोन काढून त्यांच्याखालच्या भिंतीवर हात ठेवायला लावला, मानसला लावला, सुधन्वाला लावला, केतकीताईंना लावला. सगळ्यांचे तळहात कोरडे राहिले, तेव्हा कुठे डबा उघडला. महिना संपता संपता डॉक्टरांनी पोरीच्या छातीला नळी लावली आणि म्हणाले, ठीक आहे. नागपूरच्या शाळेला कळवून टाकलं की मुलगी येत नाही.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझ्या पात्याची रुंदी निम्मी उरली आहे. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. जिथे ओल आली असेल तिथे आधी शी म्हणा, जोरात म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. चित्र चिकटवू नका, रंग फासू नका. भिंत असो, वही असो, मनात लपवलेलं काही असो, मला बोलवा किंवा माझ्यासारखं काही हाताशी घ्या आणि कोरडं लागेपर्यंत खरवडा. घाण वाटेल. ती वाटायलाच हवी. आणि काम झाल्यावर माझ्यासारख्यांना धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवत जा, एवढीच विनंती.

जुलैत चार दिवस पाऊस कोसळत होता. नोएडाचे रस्ते तुंबले होते. पाचव्या दिवशी मारुतरावांनी फोन लावला, मी पिशवीत होतोच. त्यांनी विचारलं, “अपूर्वा, ओल आहे का गं?”

थोडा वेळ गेला. ती भिंतीशी गेली असणार, तळहात टेकवला असणार.

“ओल नाही काका,” ती म्हणाली. मग जीभ टाळ्याला लावून, सावकाश, “आणि ओळपण नाही.”

मारुतराव इतके हसले की डोळे पुसावे लागले. फोन ठेवला, चपला घातल्या, मला घेतलं आणि गुडघाभर पाण्यातून मेट्रो गाठून नोएडाला गेले. पाणी प्यायच्याही आधी त्यांनी त्या भिंतीवर स्वतःचा तळहात टेकवला, आणि बराच वेळ तिथेच ठेवला. त्या दिवशी मला पिशवीतून बाहेर काढावं लागलं नाही.